तंबू ठोका, पण पावती फाडून

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय आपल्या पुळणीचा आहे.

दिवाळी झाली की आपल्याकडे एक वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, किहीमच्या किनाऱ्यावर तंबूंना सरसकट बंदी घाला, घाण करून ठेवतात. दुसरी बाजू म्हणते, आमच्या पोरांच्या पोटावर पाय देऊ नका. डिसेंबरात आवाज चढतो, मे महिन्यात हातघाईवर येतो, आणि पहिला पाऊस पडला की सगळे गप्प. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बंदी नको आणि मोकाटपणाही नको. तंबूची जागा गावानं ठरवावी, संख्या गावानं ठरवावी, पावती गावानं फाडावी आणि त्या पैशाचा हिशोब गावानं फळ्यावर लिहावा. आता हे का, ते सांगतो.

आधी बघू, येतं कोण?

आपण "टुरिस्ट" म्हणून एका शब्दात सगळ्यांना मोकळं करतो. पण शनिवारी दुपारी चोंढी नाक्यावर उभं राहून बघा. नवरा-बायको, दोन पोरं, मागच्या सीटवर आजी, टपावर बांधलेला तंबू. कुणी पेण-वडखळ-पोयनाड-कार्लेखिंड करत आलेले, कुणी भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोनं मांडव्याला उतरलेले. २०२० साली रो-रो सुरू झाली आणि २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. मुंबई आपल्या दाराशी आली. उद्या रेवस-करंजा पूल झाला की आणखी जवळ येईल.

यातले बरेच जण किहीमला एक रात्र काढून पुढे जातात. रेवदंडा, साळावचा पूल, काशीद, मुरुड, मग आगरदांड्याला गाडी जेट्टीवर चढवून दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याहून पुन्हा फेरीबोटीनं वेशवी. दोन-तीन रात्री तंबूत, एखादी कुणाच्या घरी. आपल्या रायगडच्या किनाऱ्यासारखा रस्ता पोराबाळांना दाखवायला दुसरीकडे शोधून सापडायचा नाही. या माणसांना शत्रू मानून आपलं काय भलं होणार आहे?

आणि ती तंबूतच का राहतात, हेही बघा. आपल्या पट्ट्यात, किहीमपासून आवास-मांडव्यापर्यंत, समुद्राकडेची जागा बंगल्यांनी घेतली. एका रात्रीचं बंगल्याचं भाडं हे साध्या नोकरदाराच्या पगारातला मोठा तुकडा असतो. त्या माणसाला समुद्राच्या आवाजात एक रात्र झोपायचं असेल, तर तंबू हाच त्याचा बंगला. बंदी आली तर तो जाईल आणि तंबू भाड्यानं देणारा आपला पोरगा बसून राहील. कुंपणाच्या आतल्या स्विमिंग पूलला बंदीची झळ लागणार नाही. म्हणून "बंदी घाला" हे ऐकायला कितीही कडक वाटलं, तरी तिचा दंडुका नेमका कुणाच्या पाठीवर बसतो ते आधी ओळखा.

पण मग रविवारी सकाळचं काय?

ते आता तसंच स्पष्ट बोलू. रविवारी सकाळी पुळणीवर गेलं की बाटल्या, कागदी प्लेटा, अर्धवट खाल्लेली कोंबडी आणि त्यावर भांडणारी कुत्री. सुरूच्या बुंध्याशी शेकोटीची राख, आणि बुंधा काळा पडलेला. वाळूवर गाड्यांच्या चाकांची नक्षी. आणि संडास नाही, त्यामुळे सुरूच्या बनात पहाटे काय काय चालतं ते लिहायची गरज नाही. ज्या बायका-पोरींना पूर्वी तिथून सकाळी फिरायला जाता यायचं, त्या आता जात नाहीत. यावर "पर्यटन म्हटलं की एवढं चालायचंच" म्हणणाऱ्यांना एकच सांगणं: एकदा झाडू घेऊन रविवारी या.

गाडीचं तर विचारू नका. रेवदंड्याच्या वाळूत फेरारी रुतली आणि ती बैलगाडीनं ओढून काढली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला, हसलो. हसण्यासारखंच होतं. पण कोरड्या वाळूच्या ज्या पट्ट्यावरून या गाड्या आत घुसतात, तिथेच मर्यादवेल पसरते. जांभळ्या फुलांची, बकरीच्या खुरासारख्या पानांची. नावातच सगळं आलं. समुद्राची मर्यादा राखणारी वेल. ती वाळू धरून ठेवते, वाळू साचून उंचवटा होतो, आणि उधाण आलं की पहिला फटका तो उंचवटा झेलतो. त्यावरून रोज वीस गाड्या गेल्या की वेल मरते, वाळू मोकळी होते, वारा ती उडवतो आणि समुद्र वाडीच्या दिशेनं सरकतो. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सगळ्यात नाजूक गटात टाकल्यात, त्या उगीच नाही.

३ जून २०२० आठवतंय ना? निसर्ग वादळात आपल्या तालुक्यात नारळी-पोफळी आडव्या झाल्या, सुरू मुळासकट उपटले. वाऱ्यासमोर उभी राहणारी झाडं आणि लाटेसमोर उभी राहणारी वाळू, एवढंच आपलं कुंपण. ते शेकोटीला आणि पार्किंगला देऊन टाकायचं का?

भरतीचा हिशोब

आता जिवाची गोष्ट. आपल्याकडचा कोळी घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगतो. तिथीला पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

आता हे शहरातून आलेल्या माणसाला लावून बघा. लोक चांदण्यासाठी पौर्णिमेचा शनिवार शोधून येतात. संध्याकाळी सहाला पोचतात तेव्हा पूर्ण ओहोटी. समुद्र लांब गेलेला, ओली सपाट वाळू, पोरं खूश. त्यांना वाटतं केवढी जागा आहे, पाण्याजवळ तंबू लावू. आणि बरोबर मध्यरात्री, सगळे झोपलेले असताना, महिन्यातली सगळ्यात मोठी भरती येते. हे त्यांना कुणी सांगायचं? समुद्र पाटी लावत नाही.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते तंबूवाले नव्हते, भर दिवसा आले होते. पण किनारा ओळखीचा नसला की काय होतं, हे त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यानं पाहिलं. तंबूच्या जागेवर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीची वेळ खडूनं लिहिलेला एक फळा, एवढी साधी गोष्ट आहे. फळ्याला किती पैसे लागतात?

उघड्यावरचा मुक्काम आपल्याला नवा नाही

काही जण म्हणतात, तंबू-बिंबू ही बाहेरची फॅडं. अहो, मग पोपटी काय आहे? थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या की शेतात जायचं, मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, मडकं उपडं करून भोवती जाळ लावायचा. रात्री दहा-अकरापर्यंत गप्पा. सगळं घर, शेजारी, मुंबईहून आलेले पाहुणे.

पण पोपटीला न लिहिलेले नियम असतात. जागा आपल्या माहितीतली असते. जाळ झाडापासून लांब, वारा बघून. निघताना विस्तव विझवून निघायचं. पाला मातीत जातो, शेंगांची सालं गुरांना. दुसऱ्या दिवशी शेतावर काळा गोल सोडला तर काही उरत नाही. कारण सकाळी त्याच शेतावर आपल्यालाच यायचं असतं. पाहुण्याला सकाळी परत यायचं नसतं, सगळा फरक इथे आहे. म्हणून जी जबाबदारी पोपटीला आपोआप येते, ती तंबूला नियमानं आणावी लागते.

हजारो मैल रिकामी जमीन, तरी नियम

कुणी म्हणेल, उघड्या निसर्गात कसले नियम? तर ज्यांच्याकडे उघडा निसर्ग आपल्यापेक्षा कितीतरी पट आहे, त्यांचं बघू. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या ओसाड भागाला तिकडे आउटबॅक म्हणतात. लाल माती, खुरटी झुडपं, पेट्रोल पंप एकमेकांपासून शंभर-शंभर किलोमीटर लांब. दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत जाणारा स्टुअर्ट हायवे २,७०० किलोमीटरच्या वर आहे. शाळेला सुट्टी लागली की तिथली कुटुंबं गाडीत तंबू, पाण्याचे कॅन, जादा टायर टाकून निघतात. त्यात आता तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही असतात.

त्या भागातलं मोठं ठिकाण म्हणजे उलुरू, तो प्रचंड लाल खडक. एवढी रिकामी जमीन, पण त्या उद्यानाच्या हद्दीत तंबू लावता येत नाही. मुक्कामाची जागा हद्दीबाहेर, युलारा नावाच्या वस्तीत. तिथे संडास, पाणी, कचऱ्याची सोय. तो खडक तिथल्या अनंगू आदिवासींना पवित्र. १९८५ साली जमीन कागदोपत्री त्यांच्या नावावर परत झाली. खडकावर चढू नका, अशी त्यांची कित्येक वर्षांची विनंती होती, आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणं कायद्यानं बंद झालं. आजही लोक जातात, खडकाला खालून फेरी मारतात, सूर्यास्त बघतात. यजमानानं मर्यादा सांगितली आणि पाहुण्यानं पाळली.

दुसरं उदाहरण तर आपल्या अगदी जवळचं, म्हणजे वाळूचं. क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ कगारी नावाचं वाळूचं बेट आहे, पूर्वीचं फ्रेझर आयलंड. तिथे पुळणीवरून गाडी नेता येते, पण आधी गाडीचा परवाना काढावा लागतो. तंबूचं बुकिंग वेगळं, आणि बुकिंगचा नंबर तंबूला लावून ठेवायचा. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास गाडी वाळूवर आणू नका, अशी तिथली सूचना आहे. आपल्याकडे भरतीच्या तोंडावर पुळणीत रील बनवायला गाडी घालतात!

त्यांची लोकसंख्या कमी, पैसा जास्त, हे सगळं मान्य. पण परवाना, नंबर आणि फळा यांना काही ऑस्ट्रेलियाचा पैसा लागत नाही.

आणि लांब कशाला, वेळास बघा

वर जो रस्ता सांगितला, तो वेशवीला उतरून पुढे वेळासला जातो. नाना फडणवीसांचं वेळास. तिथे २००२ च्या सुमारापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आधी हीच अंडी चोरीला जायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, त्यांच्याच हातचं जेवतात, पिल्लं समुद्रात सोडताना दोरीच्या अलीकडे उभे राहतात. मुंबई-पुण्याचाच पाहुणा आहे हो! किहीमला बाटली टाकून जाणारा आणि वेळासला दोरीमागे शहाण्यासारखा उभा राहणारा माणूस वेगळ्या मातीचा नाही. तिथे गाव उभं आहे, इथे कुणी उभं नाही, इतकंच.

आपल्या किहीमला काही कमी वारसा नाही. १९३० साली सलीम अली इथेच राहून सुगरणीची घरटी बघत बसले होते. नर घरटं अर्ध्यावर आणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तरच आत राहते, हे त्यांनी इथे टिपून ठेवलं आणि पुढच्या वर्षी छापून आणलं. पक्ष्यांच्या अभ्यासात किहीमचं नाव तेव्हापासून आहे. सुगरणीची मादीसुद्धा जागा तपासल्याशिवाय मुक्काम करत नाही. आपण मात्र गावाच्या जागेत कोण, कुठे, किती जण मुक्काम करतात, हे मोजतसुद्धा नाही.

सरकारची धोरणं आहेत, पण मधली जागा रिकामी

राज्य सरकारनं २०२० मध्ये बीच शॅकचं धोरण आणलं. त्यात सुरुवातीच्या आठ किनाऱ्यांत आपल्या जिल्ह्यातले वरसोली आणि दिवेआगर होते. २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आलं. चांगलं आहे. पण टपावर तंबू बांधून येणारा साधा माणूस ना शॅकमध्ये बसतो, ना कॅरावॅनमध्ये. त्याच्यासाठी मुंबईतून कुणी नियम पाठवेल याची वाट बघत बसलो, तर पुळण संपेल. हे काम गावाचं आहे. ग्रामपंचायत वन खातं, महसूल आणि मेरीटाइम बोर्डाशी बोलून, रीतसर परवानग्या घेऊनच हे करेल. पण पहिला ठराव गावाचा हवा.

माझ्या मागण्या अशा आहेत:

१) तंबूसाठी एकच ठरलेली जागा. मर्यादवेलीच्या आणि सुरूच्या मुळांच्या मागे, भरतीच्या रेषेपासून दूर. इतर कुठेही तंबू नाही.

२) संख्या ठरलेली. समजा ४० तंबू. एकेचाळिसावा आला तर त्याला हात जोडून पुढचं गाव.

३) गाडी पुळणीवर नाही म्हणजे नाही. कुणाच्याही ओळखीनं नाही.

४) शेकोटी लोखंडी घमेल्यात. लाकूड गावातूनच विकत घ्यायचं, बनात फांदी तोडायची नाही.

५) संडास-बाथरूम आधी, तंबू नंतर. ४० तंबूंत तीन-तीन माणसं धरली तरी १२० जण होतात. जलजीवन मिशनचं खेड्यासाठीचं माप माणशी ५५ लिटर. म्हणजे एका दिवसाला ६,६०० लिटर पाणी. ते कुठल्या विहिरीतून येणार, हे आधी ठरलं पाहिजे. मे महिन्यात आपल्या विहिरी किती खोल जातात, हे कुणाला सांगायला नको.

६) भरतीचा फळा आणि शनिवार-रविवारी जीवरक्षक.

७) तंबूमागे २०० रुपयांची पावती. कचऱ्याची पिशवी आपण द्यायची, भरून परत दिली की अनामत परत.

आता हिशोब करा. ४० तंबू गुणिले २०० म्हणजे एका शनिवारचे ८,००० रुपये. पावसाळा सोडून हंगामात ३० शनिवार धरले तर २ लाख ४० हजार. आठ महिन्यांना वाटले तर महिन्याला ३० हजार. त्यात बचत गटातल्या दोन बायकांना १२-१२ हजार देऊन ६ हजार पाण्याला आणि फिनेलला उरतात. लाखोंची उलाढाल होणार असा माझा दावा नाही. पण आज ही सफाई फुकट, म्हणजे कुणाच्या तरी कमरेच्या जोरावर होते किंवा होतच नाही.

हरकती येतील, त्या ऐकल्यात

"समुद्र सगळ्यांचा आहे, पैसे कसले घेता?" बरोबर. समुद्र बघायला एक पैसा नको. वाळूवर बसा, पोरांना खेळवा, सूर्य बुडताना बघा, खांदेरी-उंदेरी दाखवा, फुकट. पावती मुक्कामाची आहे. रात्रभर राहून गावाचं पाणी, संडास आणि झाडू वापरणार, त्याचे पैसे.

"लोक काशीदला जातील." जाऊ देत थोडे. जे ४० येतील ते कुटुंबवाले येतील. संडास स्वच्छ आहे, दिवा आहे, रात्री कुणी दारू पिऊन तंबूत डोकावणार नाही, एवढी खात्री असेल तर आई आपल्या मुलीला घेऊन आधी किहीमलाच येईल.

"आमच्या धंद्यावर गावाचा ताबा कशाला?" हे विचारणारे आपलेच भाऊ-पुतणे आहेत, म्हणून प्रेमानं सांगतो. जागेची यादी झाली तर पहिला हक्क गावातल्या नोंदलेल्या मुलांचाच राहील, असं ठरावातच लिहून घ्या. नाहीतर पूल झाल्यावर शंभर तंबू घेऊन बाहेरचा ठेकेदार येईल आणि तुम्ही त्याच्याकडे रोजावर लागाल. आज नियम तुम्हाला आवळतोय असं वाटेल, उद्या तोच तुम्हाला राखेल.

"पैसे खातील." ही हरकत सगळ्यात खरी. म्हणून दर सोमवारी किती पावत्या फाटल्या, किती रुपये जमले, कुणाला दिले, हे भरतीच्या फळ्याच्या मागच्या बाजूला लिहायचं. वाचायला कुणाची परवानगी लागणार नाही. पावती क्रमांकासकट. मग बघू कोण खातं ते.

आणि बंगलेवाल्या मंडळींना एक विनंती. स्वच्छतेची तुमची तळमळ खरी असेल, तर समुद्राकडे जाणाऱ्या जुन्या पाखाड्या मोकळ्या ठेवा आणि संडासाच्या बांधकामाला हातभार लावा. बंदीच्या अर्जावर सही करणं सोपं असतं.

वर्षातून चार ग्रामसभा कायद्यानं घ्याव्याच लागतात. पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्यायचा आहे. व्हॉट्सॲपवर भांडण्यात जेवढी बोटं झिजवली, त्याच्या निम्मी माणसं सभेला आली तरी ठराव होईल. पटत नसेल तर तेही तिथे येऊन बोला. तंबू लावणारी मुलं, कोळीवाड्यातली मंडळी, बचत गटाच्या ताया, वाडीवाले, सगळे या. कुठली जागा ठरवायची, कुठली विहीर वापरायची, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. जागेबद्दल सूचना असतील तर खाली कमेंटमध्ये लिहा, सगळ्या एकत्र करून अर्जाला जोडतो.